स्वतःच्या खिशातून ऑपरेशन करताय आणि खर्च सांगितल्यापेक्षा वाढला, तर काय करायचं (नागपूरवाल्यांसाठी)

इन्शुरन्स नाही, किंवा आहे पण त्या आजाराचा वेटिंग पिरियड अजून संपलेला नाही, आणि ऑपरेशन तर करायचंच आहे. अशा वेळी माणूस धंतोली, रामदासपेठ, काँग्रेसनगर अशी दोन-तीन हॉस्पिटलं फिरतो, "किती लागतील डॉक्टर?" विचारतो, एक आकडा ऐकतो, घरी येऊन एफडी मोडतो, आणि डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात येतं तर आकडा भलताच. मग काउंटरवर आवाज चढतो, मागे रांगेतले लोक बघत राहतात, आणि शेवटी पैसे भरून पेशंटला घरी नेतात कारण तेव्हा दुसरा मार्ग दिसत नसतो.

दर वेळी फसवणूकच असते असं नाही, म्हणून सरसकट भांडून काही हाती लागत नाही. वाढ कुठून आली ते आधी ओळखायचं. माझ्या पाहण्यात ती तीन तऱ्हेची असते. एक म्हणजे पोट उघडल्यावर खरंच वेगळं काही निघालं, पित्ताची पिशवी चिकटून बसलेली होती, दुर्बिणीने होत नव्हतं म्हणून मोठा छेद द्यावा लागला, दोन दिवस आयसीयू लागलं. दुसरी म्हणजे जे लागणारच होतं ते एस्टिमेटमध्ये धरलंच नव्हतं. आणि तिसरी म्हणजे मधेच काहीतरी बदललं, रूम बदलली, शरीरात बसवायचं इम्प्लांट बदललं, तारीख पुढे गेली आणि तोवर हॉस्पिटलचे रेट वाढले. पहिल्यात सवलत आणि मुदत एवढंच मागता येतं. दुसऱ्यात तुमची बाजू भक्कम असते, पण हातात कागद असेल तरच. तिसरी अ‍ॅडमिट व्हायच्या आधीच अडवता येते. त्यामुळे या लेखातला बराचसा भाग अ‍ॅडमिट होण्याआधीचा आहे, नंतर करण्यासारखं तुलनेने थोडं उरतं.

तोंडी आकडा नको, कागद घ्या

"साधारण सत्तर-ऐंशीपर्यंत जाईल" याला एस्टिमेट म्हणत नाहीत. लेटरहेडवर, तारीख टाकून, शिक्का-सहीसकट घ्यायचं, आणि त्यावर हे एस्टिमेट किती दिवस चालेल तेही लिहून घ्यायचं, कारण उन्हाळ्यात ऑपरेशन नको म्हणून आपल्याकडे लोक तारीख पावसाळ्यावर ढकलतात आणि तोवर रेट बदललेला असतो. हॉस्पिटल म्हणेल की अंदाज आहे, थोडं इकडेतिकडे होऊ शकतं. होऊ दे नं, पण अंदाजसुद्धा तुकड्या-तुकड्यात पाहिजे: सर्जनची फी वेगळी, असिस्टंट आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांची वेगळी, ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटरचा चार्ज, रूम किती दिवसांची धरली, नर्सिंग, औषधं, ओटीतलं सामान, इम्प्लांट, तपासण्या. एकच ठोक आकडा दिला की वाढ नेमकी कुठे झाली ते नंतर ब्रह्मदेवालाही सापडत नाही.

महाराष्ट्रात २०२१ मध्ये नर्सिंग होम नोंदणीचे नियम सुधारले, तेव्हापासून खासगी हॉस्पिटलने रुग्णहक्क सनद आणि मुख्य सेवांचे दर दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. अ‍ॅडमिशन चार्ज, बेडचं रोजचं भाडं, डॉक्टरांची व्हिजिट, भूल, ओटी, नर्सिंग, सलाईन, रक्त चढवणं, ऑक्सिजन, मॉनिटर, पॅथॉलॉजी, एक्सरे-सोनोग्राफी असे. बहुतेक जणांचं तिकडे लक्षच जात नाही, कारण तो बोर्ड नेमका कुठल्यातरी कुंडीच्या मागे असतो. शोधा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. बोर्ड नसेल तर रिसेप्शनला दरपत्रक मागा. पुढे बिलात व्हिजिटचा किंवा मॉनिटरचा रेट वेगळा दिसला तर हा फोटो फार कामी येतो.

आता खरा प्रश्न. "पॅकेजमध्ये काय-काय आहे" हे सगळेच विचारतात, आणि काउंटरवरची ताई पाठ केलेली यादी म्हणून दाखवते. त्याऐवजी विचारा, "यात काय-काय नाही?" इथे ती जरा थांबते, आत जाऊन विचारून येते, आणि मग एकेक बाहेर पडायला लागतं.

आपल्याकडे मुतखड्याचे पेशंट ढीगभर, म्हणून त्याचंच घ्या. दुर्बिणीने खडा काढतात आणि बऱ्याचदा आत एक नळी ठेवतात, डीजे स्टेंट म्हणतात तिला. ती काही आठवड्यांनी काढावी लागते, म्हणजे पुन्हा एक छोटी प्रोसिजर, पुन्हा ओटी, कधी पुन्हा भूल. पॅकेजमध्ये नळी टाकणं असतं, काढणं नसतं. पेशंट बरा होऊन कामाला लागलेला असतो आणि मग कळतं की अजून एक बिल बाकी आहे. पित्ताशय, गर्भपिशवी, गाठ असं काहीही काढलं की तो तुकडा तपासायला पाठवतात, त्या बायॉप्सीचं बिल वेगळं. हर्नियात आत बसवतात ती जाळी वेगळी. सिझेरियनमध्ये बाळाच्या डॉक्टरांची फी वेगळी, आणि बाळ काचेत ठेवायची वेळ आली तर तो आईच्या पॅकेजशी संबंध नसलेला पूर्ण स्वतंत्र खर्च. मोतीबिंदूत पॅकेजचा आकडा बहुतेक साध्या लेन्सचा असतो आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी कोणीतरी चार लेन्सचं कार्ड घेऊन समोर येतं. ऑपरेशनआधीच्या फिटनेसच्या तपासण्या, हृदयाची टूडी इको, फिजिशियनची व्हिजिट, रक्ताच्या पिशव्या, नंतरचं ड्रेसिंग, टाके काढणं, फिजिओथेरपी, हे सगळं एकेक करून विचारायचं. लाज वाटून घ्यायची नाही, पैसे आपले आहेत.

रूमचं गणित तर बहुतेकांना माहीतच नसतं. आपल्याला वाटतं जनरलऐवजी सेमी-प्रायव्हेट घेतली तर रोजचे हजार-पंधराशे जास्त, चालेल, आईला जरा शांतता मिळेल. पण अनेक हॉस्पिटलांत रूमचा वर्ग बदलला की सर्जनची फी, ओटी, भूल, व्हिजिट, तपासण्या सगळ्याचे रेट त्या वर्गाचे लागतात. ऑपरेशन तेच, टेबल तेच, डॉक्टर तेच, बिल मात्र वेगळं. म्हणून जनरल भरलेलं आहे म्हणून तात्पुरतं ट्विन शेअरिंगमध्ये टाकतो असं म्हणाले तर तिथेच विचारा की बिलिंग कोणत्या वर्गाने होणार, आणि अ‍ॅडमिशन फॉर्मवर "जनरलच्या दराने" असं लिहून घ्या. शिवाय आयसीयू सोडून ज्या खोलीचं भाडं दिवसाला ५,००० च्या वर आहे तिच्या भाड्यावर जुलै २०२२ पासून ५% जीएसटी लागतो, तोही एस्टिमेटमध्ये दिसत नाही.

हे सगळं तोंडी झालं की घरी येऊन हॉस्पिटलच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर किंवा मेलवर एक मेसेज टाका. असा काहीतरी:

"नमस्कार मॅडम, आज वडिलांच्या हर्नियाच्या ऑपरेशनबद्दल बोलणं झालं. तुमच्या सांगण्याप्रमाणे जनरल वॉर्ड, दोन दिवस, एकूण अंदाजे ६८,०००. यात जाळी, भूल आणि औषधं धरली आहेत, फिटनेसच्या तपासण्या धरलेल्या नाहीत. खर्च यापेक्षा ५,००० ने जरी वाढणार असेल तर आधी मला याच नंबरवर कळवावं, मी हो म्हटल्यावरच पुढे करावं. इमर्जन्सी असेल तर उपचार थांबवू नये. काही चुकलं असेल तर सांगा."

वरचा आकडा उदाहरणाचा आहे, तुमचा तुम्ही टाका. समोरून नुसतं "ओके" किंवा अंगठा आला तरी पुष्कळ. भांडायला नाही, पण तीन दिवसांनी काउंटरवर शिफ्ट बदललेली असते आणि "तुम्हाला कोणी सांगितलं?" या प्रश्नाला नाव, तारीख, वेळ असलेलं उत्तर लागतं.

आणि घरातला एकच माणूस ठरवा जो हो-नाही म्हणेल. आपल्याकडे ओटीच्या बाहेर सात नातेवाईक बसलेले असतात, आतून सिस्टर येऊन विचारते की साधं लावायचं की इम्पोर्टेड, आणि कामठीहून आलेले मामा छाती काढून म्हणतात, "लावा लावा, चांगलंच लावा!" पैसे मामा देत नसतात बाप्पा.

डॉक्टर तेच, हॉस्पिटल दुसरं

नागपुरातले पुष्कळ सर्जन दोन-तीन ठिकाणी ऑपरेशन करतात, एक मोठं हॉस्पिटल आणि एखाद-दोन छोटी नर्सिंग होम्स. फरक बहुतेक ओटी, रूम आणि सामानाच्या रेटमध्ये असतो. एस्टिमेट वाढलेलं दिसलं तर सरळ विचारा, "सर, हे तुम्ही अजून कुठे करता? तिथे किती लागतील?" साध्या हर्निया, अपेंडिक्स, पाइल्ससारख्या ऑपरेशनला डॉक्टर बऱ्याचदा स्वतःच सांगतात की मग तिकडे करू. हृदयाचं, मेंदूचं, किंवा पेशंटला शुगर-बीपी-किडनी सगळंच आहे, तिथे मात्र छोट्या जागेचा मोह नको, रात्री-बेरात्री आयसीयू लागलं तर अ‍ॅम्ब्युलन्समध्ये पेशंट हलवत बसावं लागेल आणि खर्च दुप्पट होईल तो वेगळाच.

आकडा वाजवी आहे की नाही हे पडताळायला सीजीएचएसची दरयादी बघा, केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी असते, नेटवर मिळते, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती सुधारली आहे. त्या दरात तुम्हाला कोणी करून देईल असं नाही, आणि काउंटरवर तो कागद फडकवलात तर फक्त हसतील. पण तुमचं एस्टिमेट त्याच्या दीडपट आहे की चौपट, एवढं घरबसल्या कळतं.

पैसे भरायच्या आधी हे एकदा बघाच

बरेच लोक सरकारी आरोग्य योजना फक्त गरिबांसाठी असते असं धरून चालतात. महात्मा फुले जन आरोग्य योजना २०२३ च्या शासन निर्णयानंतर राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली केली, पांढरं रेशन कार्ड असेल तरी, आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत कव्हर आहे. सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डवर उत्पन्नाची अट नाही, ती सोय ऑक्टोबर २०२४ पासून आहे. मेख अशी की ऑपरेशन योजनेच्या यादीत पाहिजे, हॉस्पिटल योजनेत पाहिजे, आणि मंजुरी ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. पैसे भरून झाल्यावर बिलं घेऊन गेलात तर परत काही मिळत नाही. हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या माणसाचं टेबल असतं, तिथे विचारा, नाहीतर १५५३८८ वर फोन लावा.

मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स, डिगडोहचं लता मंगेशकर, जरा पुढे वर्ध्याचं सेवाग्राम आणि सावंगी, ही सरकारी आणि मेडिकल कॉलेजची हॉस्पिटलं नागपूरकराला नवीन नाहीत. गर्दी असते, तारीख लांबते, पार्किंगपासून भांडण सुरू होतं, सगळं खरं. पण ऑपरेशन दोन महिने थांबण्यासारखं असेल आणि खासगीतला आकडा लाखाच्या वर जात असेल तर एक ओपीडी चिठ्ठी काढून बघायला काय जातं.

हॉस्पिटल ट्रस्टचं असेल तर अजून एक गोष्ट. सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१ एए कलमाखाली धर्मादाय हॉस्पिटलांना १०% खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १०% दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनसाठी १,८०,००० आणि दुर्बल घटकासाठी ३,६०,००० आहे. नावात फाउंडेशन, ट्रस्ट, मेमोरियल असं काही दिसलं की तिथल्या समाजसेवकाला, म्हणजे एमएसडब्ल्यूला भेटा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत ठेवा. खाटा शिल्लक नाहीत म्हणाले तर धर्मादाय सहआयुक्तांच्या नागपूर कार्यालयात विचारता येतं. हा विषय अ‍ॅडमिट होतानाच काढायचा, डिस्चार्जच्या दिवशी काढला तर फार जड जातं. मुख्यमंत्री सहायता निधीचंही तसंच, पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात, त्यामुळे अर्ज उपचार चालू असतानाच व्हायला पाहिजे.

ओटीच्या दारात

दार उघडतं, हिरव्या गाऊनमध्ये डॉक्टर बाहेर येतात आणि म्हणतात की आत जरा वेगळं निघालं. इथे घासाघीस करू नका, त्या क्षणी डॉक्टरचं डोकं पेशंटमध्येच असलेलं बरं. फक्त एवढं विचारा: काय निघालं, आत्ताच केलं नाही तर काय होईल, दोन-चार आठवडे थांबता येईल का, आणि खर्चात साधारण किती फरक पडेल. आत्ताच करावं लागणार असेल तर हो म्हणा. नंतर काउंटरला जाऊन सांगा की वाढीव खर्चाचं सुधारित एस्टिमेट लेखी द्या, लगेच, उद्या नाही. दुर्बिणीचं ऑपरेशन मोठ्या छेदात बदललं असेल तर तेव्हाच विचारून ठेवा की फी दोन्हीची तर लागणार नाही नं.

अँजिओग्राफीचं वेगळं सांगायला पाहिजे कारण तिथे वाढ जवळपास ठरलेली असते. पंधरा-वीस हजारांच्या तपासणीला माणूस जातो आणि टेबलवरच विचारतात की ब्लॉक आहे, स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकून टाकू का. हार्ट अटॅक चालू असेल तर विचार करायचा नाही, टाकू द्या. पण स्थिर पेशंट असेल, नुसती धाप लागते म्हणून तपासणी केली असेल, तर सीडी घेऊन बाहेर येऊन दुसऱ्या कार्डिओलॉजिस्टला दाखवायचा तुम्हाला हक्क आहे. जायच्या आधीच अँजिओप्लास्टीचं, म्हणजे स्टेंट टाकण्याचं एस्टिमेट घेऊन ठेवा, एका स्टेंटचं किती, दोनचं किती.

स्टेंटच्या किमतीवर सरकारचं बंधन आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधवाल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० ठरवली होती, तेव्हापासून ती अधूनमधून बदलत असते. गुडघ्याच्या इम्प्लांटचंही तसंच, ऑगस्ट २०१७ मध्ये साध्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण सेटला ५४,७२० आणि टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सेटला ७६,६०० अशी मर्यादा घातली, जीएसटी वेगळा. आजचा आकडा एनपीपीएच्या, म्हणजे औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर बघून घ्या. बिलात स्टेंट किंवा गुडघ्याचा सांधा ब्रँड, बॅच नंबर आणि किमतीसकट वेगळा दाखवायला लागतो. "इम्प्लांट अँड कन्झ्युमेबल्स" अशी एकच ओळ दिसली तर फोड मागा. खोक्यावरचं स्टिकर फाइलमध्ये लावलेलं असतं, त्याचा फोटो घ्या. औषधांच्या कमाल किमती बघायला फार्मा सही दाम नावाचं एनपीपीएचंच अ‍ॅप आहे.

औषधं हॉस्पिटलच्याच दुकानातून घेण्याची सक्ती करता येत नाही, रुग्णहक्क सनदेत ते आहे. नागपुरात गंजीपेठेतला संदेश दवा बाजार सगळ्यांना माहीत आहे, दीर्घ चालणारी महागडी औषधं तिकडून आणलेली परवडतात. पण ओटीतलं सामान बाहेरून आणायच्या भानगडीत पडू नका, चुकीच्या साइजची जाळी आणली तर ऑपरेशन अडकेल. तिथे फक्त उरलेलं सामान परत गेलं का, आणि त्याचे पैसे वजा झाले का, एवढं बघायचं.

बिल वाचायची रीत

अ‍ॅडमिट असताना रोज संध्याकाळी त्या दिवसापर्यंतचं बिल मागा. रनिंग बिल म्हणा, लगेच कळतं. पहिल्या दिवशी कुरकुर करतात, दुसऱ्या दिवशी स्वतःच प्रिंट काढून ठेवतात. आणि डिस्चार्जच्या आदल्या दिवशी कच्चं बिल घ्या, म्हणजे शांतपणे खाटेशेजारी बसून वाचता येतं.

माझ्या मावसभावाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, छेद देऊन, साधं. कच्च्या बिलात एक ओळ होती: "टॅकर – १ नग" आणि पुढे पाच आकडी रक्कम. टॅकर म्हणजे दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये जाळी आतून ठोकायला वापरतात ते उपकरण. भावाच्या पोटावर तर हा एवढा टाक्यांचा माग. मी बिलिंगला न जाता वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरकडे गेलो, म्हटलं सिस्टर, ओटी नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय केलं त्याची नोंद, दाखवता का जरा. त्यांनी फाइल काढली, त्यात जाळी टाक्यांनी शिवली असं डॉक्टरांच्या हातचं स्पष्ट लिहिलेलं. सिस्टरनेच खाली फोन लावला, "अरे भाऊ, ओपन हर्नियाला टॅकर काहून टाकला?" संगणकात लॅप, म्हणजे दुर्बिणीच्या हर्नियाचं तयार टेम्प्लेट होतं, ते तसंच उचललं गेलं होतं. ओळ उडाली. आवाज चढवायची गरजच पडली नाही.

तर बिल वाचताना एका हातात बिल आणि दुसऱ्या हातात ओटी नोट आणि नर्सिंग चार्ट. ज्या दिवशी फिजिशियन आलेच नाहीत त्या दिवशीची व्हिजिट, मॉनिटर काढल्यावरही चालू राहिलेलं मॉनिटरचं भाडं, एकाच तपासणीच्या दोन ओळी, हातमोज्यांचे भरमसाठ जोड, हे असं सापडतं. आणि शेवटच्या दिवसाचं भाडं. सकाळी दहाला डॉक्टर घरी जा म्हणतात, फाइल चारपर्यंत खालीवर फिरते, आणि चेकआउटची वेळ उलटली म्हणून अजून एक दिवस लावतात. उशीर त्यांच्याकडून झाला असेल तर तो दिवस देऊ नका, डॉक्टरांनी डिस्चार्ज लिहिल्याची वेळ फाइलवर असते.

चुका निघाल्यावरही आकडा जड असेल तर सवलत मागायची, पण योग्य माणसाकडे. काउंटरवरच्या मुलाच्या हातात काही नसतं, तो फारतर शे-पाचशे कमी करेल. ज्या डॉक्टरने ऑपरेशन केलं त्यांना गाठा, राउंडच्या वेळी नाही, ओपीडी संपल्यावर. डॉक्टरांचंच नर्सिंग होम असेल तर तिथल्या तिथे निकाल लागतो. इम्प्लांट आणि औषधांत फारसं सुटत नाही, सुटतं ते ओटी, रूम आणि फीमध्ये, म्हणून "काही कमी करा नं" असं मोघम न म्हणता म्हणा, "सर, एस्टिमेट एवढं होतं, एवढं वाढलं, यातलं आयसीयूचं समजू शकतो, बाकीच्या बावीस हजारांतले निम्मे तुम्ही बघा, निम्मे मी भरतो." नेमका आकडा समोर ठेवला की समोरचाही आकड्यातच बोलतो.

पैसे कमीच पडले तर

बिल बाकी आहे म्हणून पेशंटला अडकवून ठेवता येत नाही, मृतदेह तर नाहीच नाही. हे रुग्णहक्क सनदेत आहे आणि राज्याच्या नियमांतही आहे. याचा अर्थ पैसे बुडवता येतात असा नाही, देणं राहतंच. उरलेली रक्कम किती हप्त्यांत देणार ते लिहून द्या. मात्र कोरा चेक सही करून देऊ नका, चेक परत गेला तर ते चेक बाउन्सचं फौजदारी प्रकरण होतं आणि बिलाचा वाद बाजूलाच राहतो.

काउंटरशेजारी टेबल टाकून बसलेला फायनान्सवाला बिनव्याजी ईएमआय म्हणतो, तेव्हा प्रोसेसिंग फी विचारा. घरात सोनं असेल तर बँकेतलं गोल्ड लोन बहुतेक पर्सनल लोनपेक्षा स्वस्त पडतं. नोकरी असेल तर पीएफमधून आजारपणासाठी पैसे काढता येतात. रोख देताना एक लक्षात ठेवा, एका उपचारासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, हॉस्पिटलने "कॅशच द्या, बिल कमी करतो" म्हटलं तर त्यात तुमचा पुरावाही जातो.

तक्रार करायचीच असेल तर आधी हॉस्पिटलच्याच तक्रार निवारण कक्षाकडे लेखी द्या आणि पोच घ्या. मग शहरात असाल तर मनपाचा आरोग्य विभाग, हद्दीबाहेर जिल्हा शल्यचिकित्सक. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलतात. त्यानेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवून दिलंय. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची. केसपेपरची प्रत मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागते, ती आधी घ्या, तक्रारीचं नाव काढल्यावर मागितली तर फाइल "रेकॉर्ड रूममध्ये" जाते.

इमर्जन्सीत यातलं निम्मंही जमत नाही, रात्री दोनला अपघाताचा पेशंट घेऊन कोण दरपत्रकाचे फोटो काढतो. तेव्हा फक्त भरलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एस्टिमेट आणि रनिंग बिल मागायला सुरुवात करा.

घरी आल्यावर सगळी बिलं एका फाइलमध्ये ठेवा. आई-वडील साठीच्या पुढचे असतील, त्यांचा आरोग्य विमा नसेल आणि तुम्ही जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असाल, तर त्यांच्या उपचाराच्या खर्चावर आयकरात ५०,००० पर्यंत वजावट मिळते, पैसे रोख दिलेले नसले पाहिजेत. इम्प्लांटचं स्टिकर आणि डिस्चार्ज कार्ड मात्र कायमचं जपा, पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली की आत कोणता धातू आहे ते सगळ्यात आधी विचारतात.